दोन झेंड्यांमधला आठवडा

२३ जून २०२५, टोरंटो ते मॉन्ट्रियल

टोरंटोच्या युनियन स्टेशनात गाडीत बसलं की किंग्स्टनपर्यंत उजव्या हाताला अधूनमधून लेक ऑन्टारिओ दिसत राहतं. पुढे सेंट लॉरेन्स नदी सोबतीला येते आणि कॉर्नवॉल मागे पडल्यावर कधीतरी ऑन्टारिओ संपून क्वेबेक सुरू होतं. नेमकं कुठे, ते कळत नाही. नाका नाही, फाटक नाही, मोबाइलवर स्वागताचा मेसेजही नाही. शेतं मात्र बदलतात. चौकोनी वावरं जाऊन नदीकडे तोंड केलेले लांबट, अरुंद पट्टे दिसू लागतात. सतराव्या शतकात फ्रेंच राजवटीने जमिनी अशा वाटल्या की जास्तीत जास्त कुळांना किनारा मिळावा. ती जमीनदारी १८५४ मध्ये मोडली, पण पट्टे तसेच आहेत.

मी विम्याच्या धंद्यात आहे. जोखीम मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या खातानाही डोक्यात तेच चालू असतं. ही न दिसणारी रेघ उद्या आंतरराष्ट्रीय सरहद्द झाली तर? प्रश्न हवेतला नाही. स्वतंत्र क्वेबेकचं ध्येय बाळगणाऱ्या पार्ती केबेक्वा पक्षाला २०२२ च्या निवडणुकीत प्रांतिक विधिमंडळाच्या १२५ पैकी अवघ्या ३ जागा मिळाल्या होत्या. आज, २०२५ मध्ये, तोच पक्ष जनमत चाचण्यांत पहिला आहे. २०२६ मध्ये सत्ता आली तर २०३० च्या आत सार्वमत घेऊ, असं त्यांचे नेते पॉल सँ-पिएर प्लामोंदों सांगत फिरतात. गंमत म्हणजे पक्षाला मत देऊ म्हणणारे सगळेच काही ‘वेगळे होऊ’ म्हणत नाहीत. तिथे ‘नको’ म्हणणारेच अजून पुष्कळ जास्त आहेत. शिवाय अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणायला सुरुवात केल्यापासून वारं फिरलंय. एप्रिलच्या संघीय निवडणुकीत ब्लॉक केबेक्वा, म्हणजे संघीय संसदेत स्वातंत्र्यवाद्यांची बाजू मांडणारा पक्ष, ३२ वरून २२ जागांवर आला.

मॉन्ट्रियलला मावसबहीण राहते. भाचा १ जुलैला घर बदलतोय, हातभार लावायला ये, असा तिचा हुकूम होता. मी आठवडाभर आधी निघालो. सामान उचलण्यापूर्वी प्रांत बघून घ्यावा म्हटलं.

२४ जून, मॉन्ट्रियल

आज क्वेबेकचा सण. मूळचा सेंट जॉन बाप्टिस्टचा दिवस, आता सरकारी भाषेत ‘राष्ट्रीय सण’. दुकानं बंद, उकाडा असह्य, आणि ज्या बाल्कनीकडे बघावं तिथे निळ्या रंगावर पांढरा क्रूस आणि लिलीची चार फुलं. हा झेंडा १९४८ मधला. कॅनडाचं लाल मेपलचं पान त्याच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं.

ताई मला जुन्या शहरात नगरभवनापाशी घेऊन गेली. याच इमारतीच्या सज्जातून २४ जुलै १९६७ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ‘स्वतंत्र क्वेबेक चिरायु होवो’ असा नारा दिला होता. पाहुणा म्हणून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने यजमान देशाच्या फाळणीचा जयजयकार करावा! ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या संघीय सरकारने, खरमरीत निषेध केला आणि द गॉल राजधानीला न जाता तिथूनच मायदेशी परतले.

संध्याकाळी बागेत गाणीबजावणी चालली होती. ताईने डब्यातून कोथिंबिरीच्या वड्या काढल्या आणि १९९५ च्या सार्वमताचा, म्हणजे क्वेबेकने वेगळं व्हावं का या मतदानाचा, विषय निघाला.

“मी त्याच वर्षी नागरिक झाले,” ती म्हणाली. “मतदानाआधी अर्ज कसे भराभर निकाली निघत होते! ओटावाला आमची मतं हवी होती, हे आम्हालाही कळत होतं.”

३० ऑक्टोबर १९९५. मतदान झालं ९३ टक्क्यांहून जास्त. आपल्याकडे कुठल्या निवडणुकीत असा आकडा दिसला तर लोक चौकशी लावतील. तीन दिवस आधी देशभरातून माणसं स्वस्त विमानांनी मॉन्ट्रियलला येऊन ‘जाऊ नका’ म्हणून सभा करून गेली होती. मोजणी सुरू झाली तेव्हा ‘हो’ पुढे होतं. मॉन्ट्रियल बेटावरच्या पेट्या उघडल्या तसा काटा फिरला. शेवटी ‘नाही’ ५०.५८ टक्के, ‘हो’ ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका शहाऐंशी हजारांच्या वर. त्या बाद मतांवरून पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली.

त्याच रात्री प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाक पारिझो यांनी व्यासपीठावरून पराभवाचं खापर पैसा आणि परकीय वंशाची मतं यांच्यावर फोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

“मी टीव्हीसमोर बसले होते, पोटात हा होता,” ताईने भाच्याकडे बोट दाखवलं. “ती परकी मतं म्हणजे मीच की रे. कागदावर अजून शाई ओली होती माझ्या.”

भाचा हसला. तो फ्रेंच शाळेत शिकलेला, मित्र सगळे फ्रेंच बोलणारे, आईशी मराठी, ऑफिसात दोन्ही. त्याच्या गालावर आज लिलीचं फूल रंगवलेलं होतं. ते ताईला आवडलेलं नव्हतं, आणि ती त्याबद्दल काही बोलतही नव्हती.

२५ जून, मॉन्ट्रियल

सकाळी भाऊजींबरोबर पायी निघालो. भाऊजी निवृत्त इंजिनिअर, उभी हयात उच्चदाबाच्या वाहिन्यांत गेलेली. चालताना दर दहा मिनिटांनी थांबून बोलतात. शहराच्या मध्यातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला रने लेवेक यांचं नाव आहे. पार्ती केबेक्वाचे संस्थापक, १९८० च्या पहिल्या सार्वमताचे कर्ते. त्या वेळी जवळपास ६० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं. आधी या रस्त्याला एका इंग्रज गव्हर्नरचं, डॉर्चेस्टरचं, नाव होतं. लेवेक १९८७ मध्ये वारले आणि पाटी बदलली. पण पश्चिमेला हाच रस्ता वेस्टमाउंट या वेगळ्या नगरपालिकेच्या हद्दीत शिरतो, आणि तिथे तो आजही डॉर्चेस्टरच आहे. वेस्टमाउंट म्हणजे इंग्रजी पैशाचं जुनं माहेरघर.

डॉर्चेस्टर चौकात सन लाइफची अवाढव्य इमारत दिसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अब्जावधींचे रोखे हिच्या तळघरात आणून ठेवले होते, इतका या शहराचा आर्थिक दबदबा. १५ नोव्हेंबर १९७६ ला पार्ती केबेक्वा पहिल्यांदा सत्तेवर आला. १९७७ मध्ये कायदा १०१ आला. सरकारी व्यवहार, मोठ्या कंपन्यांचं काम, दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये आणि स्थलांतरितांची मुलं फ्रेंच शाळेत. जानेवारी १९७८ मध्ये सन लाइफने मुख्यालय टोरंटोला हलवत असल्याचं जाहीर केलं. बँकांनी तेवढा गाजावाजा केला नाही. नोंदणीकृत पत्ता मॉन्ट्रियलचा ठेवून साहेब लोकांची टेबलं गुपचूप टोरंटोला नेली. त्या पाच-सहा वर्षांत इंग्रजी बोलणारे लाखाच्या घरात लोक प्रांत सोडून गेले.

मी ज्या शहरात पगार घेतो त्याच्या उंच इमारतींत या भीतीचा वाटा आहे. सगळाच नाही. टोरंटोच्या शेअर बाजाराने मॉन्ट्रियलला १९३० च्या दशकातच मागे टाकलं होतं, मोटारींचे कारखानेही दक्षिण ऑन्टारिओत होते. राजकारणाने नदीचा उतार तयार केला नाही, लोंढा मात्र वाढवला. माझ्या धंद्यातल्या माणसाला यात एक गोष्ट ठळक दिसते. दोन्ही सार्वमतांत ‘हो’ हरलं, तरी वेगळं होण्याची पहिली किंमत क्वेबेकने मतदानाच्या आधीच भरली होती. भांडवल निकालाची वाट बघत नाही.

“एकच बाजू लिहू नकोस,” भाऊजी म्हणाले. “मिळालं काय तेही लिही.”

मग त्यांनी बाकावर बसून ऐकवलं. १९६० च्या दशकात संघीय सरकारनेच नेमलेल्या द्विभाषा आयोगाने १९६१ चे आकडे तपासले. क्वेबेकमध्ये फ्रेंच वंशाच्या पुरुषांची कमाई चौदा वांशिक गटांत बारावी होती. स्वतःच्या प्रांतात, ऐंशी टक्के लोकसंख्या असताना! कारखान्याचा फोरमन इंग्रजीत हुकूम सोडायचा. १९६३ मध्ये खासगी वीज कंपन्या प्रांताने ताब्यात घेतल्या. १९६५ मध्ये निवृत्तिवेतनाचे पैसे गुंतवायला कॅस द देपो हा स्वतःचा फंड काढला. १९९१ च्या करारापासून आर्थिक स्थलांतरितांची निवड क्वेबेक स्वतः करतं. कमाईतली ती दरी आज बहुतांशी भरून निघाली आहे.

हा आठवडाभर मी जे बघत होतो त्याचा सांगाडा त्या बाकावर बसून लक्षात आला. वेगळं होण्याचे अर्धे परिणाम, चांगले आणि वाईट दोन्ही, वेगळं न होताच होऊन गेलेले आहेत. भाषा सावरली, वीज हाती आली, कंपन्या गेल्या. उरलेला अर्धा भाग मात्र हाडांतला आहे. नदी, कर्ज, सैन्य, जमीन.

२६ जून, सँ-लाँबेरचं लॉकगेट

नदीच्या पलीकडे सँ-लाँबेरला सेंट लॉरेन्स जलमार्गाचं पहिलं लॉकगेट आहे. योगायोग असा की २६ जून १९५९ लाच एलिझाबेथ राणी आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इथे या जलमार्गाचं औपचारिक उद्घाटन केलं होतं. समुद्रातून आलेलं जहाज इथून पायऱ्या चढत चढत थेट लेक सुपीरियरपर्यंत, खंडाच्या पोटात जातं. गहू बाहेर येतो, लोहखनिज आत जातं.

आम्ही उभे होतो तेव्हा एक लांबलचक मालवाहू जहाज आलं. दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून ते गेटात शिरलं, मागचं दार लागलं, आणि पाणी चढू लागलं. कसला आवाज नाही, धक्का नाही. जवळच व्हिक्टोरिया पूल आहे. जहाजासाठी त्याचा एक तुकडा वर उचलला जातो आणि गाड्या तेवढ्या वेळापुरत्या लॉकगेटच्या दुसऱ्या टोकावरून वळवल्या जातात. वाहतूक थांबत नाही. मी हे बराच वेळ बघत बसलो. ताई कंटाळून गाडीत जाऊन बसली.

मॉन्ट्रियल ते लेक ऑन्टारिओ या टप्प्यात सात लॉकगेट. दोन अमेरिकेची, पाच कॅनडाची. कॅनडाच्या पाचातली चार क्वेबेकच्या हद्दीत. म्हणजे उद्या क्वेबेक वेगळं झालं तर ऑन्टारिओच्या बंदरांतून समुद्राकडे जाणारं जहाज तीन देशांच्या पाण्यातून जाईल. आजही दोन देश मिळून हा मार्ग चालवतात, त्यामुळे तिसरा भागीदार घेणं अशक्य नाही. टोल आणि देखभालीचा हिशोब कोणी ठेवायचा, बर्फ फोडणारी जहाजं कोणाची, जहाजाला वाट दाखवणारे नदीचे जाणकार पायलट कोणाच्या परवान्यावर, असल्या कंटाळवाण्या प्रश्नांची ही यादी आहे. देश तुटण्याच्या चर्चेत भाषणं झेंड्यांवर होतात, काम मात्र या याद्यांवर अडतं.

नकाशावर आणखी एक गोष्ट आहे. क्वेबेक कॅनडाच्या कडेला नाही, मध्ये आहे. ते निघालं तर न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड हे चार प्रांत उरलेल्या कॅनडापासून जमिनीने तुटतील. टोरंटोहून हॅलिफॅक्सला जाणाऱ्या मालगाडीला परदेशातून जावं लागेल. १९४७ ते १९७१ या काळातला पाकिस्तानचा नकाशा पाहिलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे मधला देश शत्रू नसेल, हा फरक फार मोठा आहे, हेही खरं.

२७ जून, क्वेबेक सिटी

मॉन्ट्रियलहून गाडीने तीन तास. वाटेत दुभत्या गाईंचे गोठे आणि चाऱ्याचे उंच पांढरे मनोरे. कॅनडाच्या एकूण दुधात एक तृतीयांशाहून जास्त वाटा या प्रांताचा. दुधाला इथे कोटा असतो, भाव ठरलेला असतो आणि परदेशी दुधावर जबर आयातकर. क्वेबेकच्या शेतकऱ्याचं पोट या भिंतीच्या आतल्या बाजूला असण्यावर भरतं. स्वतंत्र झाल्यावर तोच भिंतीच्या बाहेरचा ठरला तर? शेजारच्या प्रांतांतले गवळी त्या दिवशी पेढे वाटतील. अमेरिका आणि मेक्सिकोबरोबरचा व्यापार करारही नव्या देशाला आपोआप लागू होणार नाही, स्वतः टेबलावर बसावं लागेल. आणि आजच्या वॉशिंग्टनसमोर नव्वद लाखांच्या देशाने एकट्याने बसायचं.

क्वेबेक सिटीचा किल्ला, तटबंदी, १६०८ मध्ये शाँप्लँने वसवलेलं गाव, हे सगळं प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिकांत येतं, मी त्यात भर घालत नाही. अब्राहमच्या माळावर मात्र थांबायला हवं. १३ सप्टेंबर १७५९ ला सकाळी इथे अर्धा तासही न चाललेल्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला. वुल्फ आणि माँकाल्म, दोन्ही सेनापती जखमांनी गेले. १७६३ च्या तहात फ्रान्सने वसाहत सोडून दिली, माणसं मात्र इथेच राहिली. आज त्या माळावर पोरं फ्रिस्बी खेळतात. आणि हा माळ प्रांताचा नाही, संघीय सरकारच्या आयोगाच्या ताब्यात आहे. फ्रेंचांच्या पराभवाची जागा ओटावाच्या सातबाऱ्यावर! स्वतंत्र क्वेबेकने सर्वांत आधी मागावी अशी जमीन असेल तर ही.

शेजारच्या गडावर फ्रेंच भाषिक रॉयल २२ वी रेजिमेंट असते. पहारा बदलण्याच्या समारंभात रेजिमेंटचा बोकड शिंगांना सोनेरी मुलामा देऊन मिरवतो. लाल कोट, अस्वलाच्या केसांच्या टोप्या, इंग्लंडच्या राजाची शिस्त आणि हुकूम सगळे फ्रेंचमध्ये. १९९५ च्या मतदानाच्या चार दिवस आधी ब्लॉक केबेक्वाच्या एका खासदाराने क्वेबेकी सैनिकांना उद्देशून पत्रक काढलं होतं की, ‘हो’ जिंकल्यास क्वेबेकला लगेच स्वतःचं सैन्य उभारावं लागेल. केवढा गहजब झाला! विमानं, तोफा, बंदुका मोजून वाटता येतात. १९४७ मध्ये आपल्याकडे रेजिमेंट वाटल्या, टेबलखुर्च्या वाटल्या, टाइपरायटर वाटले. पण ज्याने पंधरा वर्षं एका झेंड्याला सलाम ठोकलाय त्याला विचारायचं, तू कुठे?

२८ जून, वेन्डाके

शहराच्या वेशीवरच वेन्डाके हे ह्युरॉन-वेन्डाट आदिवासींचं गाव आहे. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंचबरोबर वेन्डाट भाषेतही लावलेल्या. इथे थोडंच थांबलो, पण पुढच्या रस्त्यावर भाऊजी सुटले, कारण डोक्यावरून त्यांच्या वाहिन्या जात होत्या.

क्वेबेकने १९६५ मध्ये जगात पहिल्यांदा ७३५ किलोव्होल्टने वीज वाहून आणली. उत्तरेच्या नद्या हजार-हजार किलोमीटरवर, शहरं दक्षिणेला, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. पुढे जेम्स बे प्रकल्प आला. तो क्री आदिवासींच्या शिकारीच्या मुलखात, त्यांना न विचारता. क्रींनी कोर्टात धाव घेतली आणि १९७५ मध्ये मोठा करार झाला. स्वतंत्र क्वेबेकच्या हिशोबात जमेची सर्वांत मोठी बाजू म्हणून जी वीज दाखवतात तिचा मोठा भाग त्या मुलखातून येतो.

आता १९९५ बघा. प्रांताच्या मतदानाच्या सहा दिवस आधी क्रींनी स्वतःचं सार्वमत घेतलं. ‘हो’ जिंकल्यास क्वेबेक सरकारने आम्हाला आमच्या जमिनीसकट कॅनडातून बाहेर न्यावं, याला आमची संमती आहे का? ९६.३ टक्के ‘नाही’. उत्तर टोकाच्या इन्युइट आदिवासींनीही घेतलं, निकाल तसाच. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. क्वेबेकला कॅनडातून निघण्याचा हक्क असेल, तर आम्हाला कॅनडातून न निघण्याचा का नाही? उत्तरेचा हा विस्तीर्ण भाग प्रांताला १८९८ आणि १९१२ मध्ये ओटावाच्या संसदेने दिलेला. क्वेबेक क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचपट, पण उत्तर वजा केली तर चित्र पार बदलतं.

स्वातंत्र्यवाद्यांचं म्हणणं असं की प्रांताची सीमा आज आहे तीच उद्याची देशाची सीमा, तिचे तुकडे होणार नाहीत. ताईचं आणि माझं आजोळ निपाणीचं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेवर राज्यं झाली आणि आमचे मराठी बोलणारे आजोबा म्हैसूर राज्यात गेले, उठून कुठेही न जाता. तो तर एका देशाच्या आतला प्रश्न होता, पासपोर्ट एकच होता, आणि तरी बघा किती वर्षं झाली. ‘सीमा आहे तिथेच राहील’ हे वाक्य ऐकल्यावर ताई आणि मी एकमेकांकडे नुसतं पाहिलं.

२९ आणि ३० जून, गातिनो

रविवारी दुपारी गातिनोला पोचलो. अलीकडे गातिनो, क्वेबेक. पलीकडे ओटावा, देशाची राजधानी. मध्ये नदी, तिच्यावर गाड्यांसाठी पाच पूल. सोमवारी सकाळी एका पुलावर जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंनी गाड्या, सायकली, बसेस. संघीय सरकारची मोठमोठी कार्यालयं क्वेबेकच्या बाजूला मुद्दाम बांधलेली, त्यामुळे घर एका प्रांतात आणि खुर्ची दुसऱ्यात असलेली हजारो माणसं रोज नदी ओलांडतात. वेगळं झाल्यावर गातिनोतला कॅनडाचा सरकारी नोकर हा परदेशात राहणारा नोकर होईल. त्याची नोकरी राहील का, पेन्शन कोण देईल? क्वेबेकची स्वतःची निवृत्तिवेतन योजना आहे, पण म्हातारपणाचा भत्ता ओटावाहून येतो. १९९५ मध्ये या भागाने भरघोस ‘नाही’ म्हटलं, यात नवल नाही.

पूल ओलांडून सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. नऊ न्यायाधीश, त्यातले तीन कायद्यानेच क्वेबेकचे. २० ऑगस्ट १९९८ ला त्यांनी एकमताने सांगितलं की क्वेबेकला एकतर्फी निघून जाण्याचा हक्क ना कॅनडाच्या घटनेत आहे, ना आंतरराष्ट्रीय कायद्यात. पण प्रश्न स्पष्ट असेल आणि बहुमत स्पष्ट असेल, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटींना बसावंच लागेल. दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचं जाहीर केलं. स्पष्ट बहुमत म्हणजे किती टक्के, ते न्यायालयाने सांगितलं नाही. २००० मध्ये संसदेने त्यावर कायदा केला, त्यातही आकडा नाही. प्रश्न आणि बहुमत स्पष्ट आहे की नाही हे कॅनडाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह ठरवणार. उलट क्वेबेकने स्वतःचा कायदा करून निम्म्याहून एक मत जास्त पुरे, असं लिहून ठेवलं. म्हणजे ५१ टक्के ‘हो’ आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूला देश असेल आणि दुसऱ्या बाजूला फक्त जनमत चाचणी. माझ्या मते सर्वांत मोठी जोखीम हीच, आणि तिचा विमा कोणी उतरवणार नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. २०२५-२६ मध्ये ओटावाकडून क्वेबेकला समानीकरण निधीतून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या प्रांतांना दिल्या जाणाऱ्या पैशातून, सुमारे १३.६ अब्ज डॉलर मिळतात, कुठल्याही प्रांतापेक्षा जास्त. ते जातील. पार्ती केबेक्वाने २०२३ मध्ये स्वतंत्र देशाच्या पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रकच छापलं. ओटावाला जाणारा कर घरातच राहील, एकाच कामाची दुहेरी सरकारी खाती बंद होतील, हिशोब जुळतो, असं त्यांचं म्हणणं. जुळेलही, पण तो चालू खर्चाचा हिशोब आहे. राष्ट्रीय कर्जात वाटा किती, हे वाटाघाटीत ठरणार. आणि चलन? १९९५ मध्ये ‘कॅनडाचाच डॉलर वापरू’ असं सांगितलं गेलं. वापरायला कोणी अडवत नाही, पण व्याजदर ठरवणाऱ्या टेबलावर खुर्ची मिळत नाही. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ ला गुण्यागोविंदाने वेगळे झाले, चलन एकच ठेवायचं ठरलं होतं. सहा आठवड्यांच्या आत नोटांवर वेगवेगळी तिकिटं चिकटवावी लागली, कारण पैसा एका बाजूने दुसरीकडे पळू लागला. पारिझोंना हे ठाऊक होतं. त्यांनी १९९५ मध्ये बाजार गडगडला तर सावरायला सरकारी फंडांत अब्जावधींची रोकड तयार ठेवली होती. त्यांच्या त्या रात्रीच्या भाषणावर माझा राग आहे, पण हा माणूस अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता हे विसरता येत नाही.

१ जुलै, मॉन्ट्रियल

देशभर आज कॅनडा डे. मॉन्ट्रियलमध्ये घर बदलायचा दिवस. इथले बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे एकाच दिवशी हजारो बिऱ्हाडं रस्त्यावर. फुटपाथवर गाद्या, ट्रकांच्या रांगा, आणि घरांबाहेरच्या त्या प्रसिद्ध वळणदार लोखंडी जिन्यांवर अडकलेले फ्रीज. ही तारीख कॅनडा डेला शह द्यायला ठरवली असं टोरंटोत सर्रास सांगतात. खरं कारण शाळा. आधी करार १ मेपासून सुरू व्हायचे आणि मुलांचं वर्ष मोडायचं, म्हणून १९७४ च्या सुमारास तारीख पुढे नेली.

भाच्याचा सोफा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. भाऊजींनी कोनांचं गणित मांडलं, शेजारच्या पोर्तुगीज आजोबांनी पोर्तुगीजमध्ये सूचना केल्या, शेवटी पाय काढून तो आत गेला. मग रिवाजाप्रमाणे खोक्यांवर बसून पिझ्झा आणि बिअर. ताईने पिझ्झ्यावर लसणाची चटणी भुरभुरली.

आता तिने विचारलंच. “उद्या मत द्यायची वेळ आली तर काय देशील रे तू?”

“हो पण देऊ शकतो,” तो म्हणाला.

“अरे, आम्हाला परकं म्हणाले ते.”

“आई, तुला म्हणाले. मला कोणी म्हटलं नाही. मी इथलाच आहे, त्यांच्याच शाळेत शिकलोय.” थोडं थांबून तो म्हणाला, “पासपोर्टचं काय ते आधी सांगावं मात्र. दोन्ही ठेवता येणार असतील तर वेगळी गोष्ट. आणि माझी कंपनी टोरंटोला जाणार असेल तर तीही.”

“म्हणजे नाही,” भाऊजी म्हणाले.

“म्हणजे प्रश्न काय विचारतात ते बघून.”

ताई उठली आणि एका खोक्यातून तिने कागदपत्रांची जुनी फाइल काढली. तिच्यात १९९५ चं माहितीपत्रक होतं, त्यावर तो प्रश्न. कॅनडाला नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव दिल्यानंतर, क्वेबेकच्या भवितव्याविषयीचं विधेयक आणि १२ जून १९९५ चा करार यांच्या चौकटीत, क्वेबेक सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का? भाच्याने आधी फ्रेंचमध्ये वाचला, मग इंग्रजीत, मग पुन्हा फ्रेंचमध्ये.

“भागीदारीला ते नाही म्हणाले असते तर?” त्याने विचारलं.

“तेच तर आम्ही महिनाभर विचारत होतो,” ताई म्हणाली आणि उरलेली चटणी त्याच्या नव्या स्वयंपाकघरात ठेवायला बरणी शोधू लागली.